पाठमोरे संवाद

माझं वय सत्तावन्न. गेली बावीस वर्षं मी बारा वर्षांचा मुलगा आहे. तोही जपानी, आणि बोलते इंग्रजीत. हे सगळं सांगलीत बसून. नव्या माणसाला एवढं सांगितलं की तो एकदा माझ्याकडे बघतो आणि एकदा दाराकडे. म्हणून सावकाश सांगते.

'चाकांवरचं दीपगृह' नावाची एक जपानी कार्टून मालिका आहे. कार्टून म्हटलेलं तिच्या चाहत्यांना खपत नाही, ॲनिमे म्हणायचं. एका सकाळी जगातला समुद्र नाहीसा होतो. मग हिबिकी नावाचा मुलगा आणि शिओ नावाची मुलगी एका दीपगृहाला चाकं लावतात आणि समुद्र शोधायला निघतात. गोष्ट एवढीच, पण जपानात ती एकतीस वर्षं चालली. गेल्या वर्षी, २०४२ साली, एक हजार दोनशे चाळिसाव्या भागात ती संपली आणि पोरांना समुद्र सापडला. जपानी येणाऱ्यांनी पोटभर रडून घेतलं. इंग्रजीतून बघणारे मात्र अजून वाळवंटातच होते, कारण इंग्रजी डबिंग ८६३व्या भागावर होतं.

ते डबिंग आमच्याकडे. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीने दोनशे तीन भाग करून हात टेकले, आणि काम फिरत फिरत सांगलीच्या मार्केट यार्डात महावीर मगदूम यांच्याकडे आलं. महावीरशेठांचा धंदा हळदीचा, हौस आवाजाची. गोडाऊनच्या मागच्या खोलीत भिंतींना हळदीची पोती लावून त्यांनी स्टुडिओ केला होता. पहिली दोन वर्षं आम्ही रेकॉर्डिंग करून घरी जायचो ते पिवळ्या होऊन. शेठना शुद्ध इंग्रजी बोलणाऱ्या दोन बायका हव्या होत्या, म्हणून त्यांनी एकाच शाळेतल्या दोन इंग्रजीच्या शिक्षिका पकडून आणल्या. एक मी, चारुलता कोरे. मी हिबिकी झाले. दुसरी मृदुला आठल्ये, ती शिओ. स्टाफरूममध्ये आमच्या दोघींच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि तोंडं दिवसभर चालू असायची.

जगभरात आमचे चाहते आहेत. नैरोबीत आहेत, मनिलात आहेत. सांगलीत कुणी नाही, पण ते असो. या लोकांनी इंटरनेटवर एक तक्ता ठेवला होता. किती भाग झाले, किती राहिले, आणि या वेगाने शेवटचा कधी येईल. वर्षाला तीस भाग, राहिले तीनशे सत्त्याहत्तर. तक्ता म्हणत होता, २०५५. तोवर मी सत्तरीला टेकले असते आणि हिबिकीचा आवाज त्याच्या पणजोबासारखा झाला असता. मालिकेच्या जपानी कंपनीलाही ते दिसत होतं. त्यांचं पत्र आलं की एप्रिलअखेर काही तोड निघाली नाही, तर इंग्रजी डबिंग आहे तिथेच बंद.

मला खूप लागलं. त्या पोराला मी बावीस वर्षं वाळवंटातून चालवत आणलं होतं. माझ्या आवाजात त्याला समुद्र दिसायलाच हवा होता, आणि ते न होता मला माइकसमोरची खुर्ची सोडायची नव्हती.

आता भांडणाचं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

लोकांना वाटतं डबिंगमध्ये सगळे एकत्र बसून बोलतात. तसं नसतं. एकेक जण एकटा आत जातो. पहिल्याचं झालं की दुसऱ्याच्या कानात हेडफोनमधून पहिल्याचे संवाद सोडतात आणि दुसरा त्याला उत्तरं देतो. दोन जिवलग मित्र पडद्यावर गळ्यात गळे घालून रडत असतील, पण त्यातला एक सोमवारी रडलेला असतो आणि दुसरा गुरुवारी.

अकरा वर्षांपूर्वी, ५३४व्या भागाच्या वेळी, माझं काम संपलं आणि काचेपलीकडून महावीरशेठनी विचारलं, मृदुलाताईंचं काम कसं वाटतं? माइक चालू होता. रेकॉर्डिंग संपल्यावर खोलीची शांतता म्हणून अर्धं मिनिट टेप चालू ठेवायची पद्धत असते, हे मला चांगलं माहीत होतं. तरीही माझं तोंड. मी म्हटलं, "मृदुला अभिनय कुठे करते? ती वाचते. वर्गात धडा वाचावा तसं."

दुसऱ्या दिवशी मृदुला एकटी आत बसली, हेडफोन लावला, आणि माझ्या संवादांच्या शेवटी तिने ते ऐकलं. तिने त्या दिवसाचं काम पूर्ण केलं. मग शेठना एवढंच सांगितलं की यापुढे आधी ती रेकॉर्ड करणार, सकाळच्या वेळी. त्यानंतर ती माझ्याशी अकरा वर्षं बोलली नाही. मीही गेले नाही. म्हटलं, मी खोटं काय बोलले? आणि पहिला नंबर हवा, तर घे बाई, तोही मान घे. मानीपणात मीही काही कमी नाही.

तर अशा वेळी डॉ. इरावती गजभिये आल्या. मूळच्या नागपूरच्या, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बोलण्याच्या विज्ञानावर काम करणाऱ्या. आवाजाची नक्कल करणारी यंत्रं तोवर गल्लोगल्ली झाली होती. आमच्या दोघींच्या आवाजाचीही शेठनी आमच्या संमतीने करून पाहिली होती, आणि चाहत्यांनी ती उडवून लावली होती. आवाज हुबेहूब होते, पण दोन पोरं एकमेकांशी बोलताहेत असं वाटतच नव्हतं. एसटी स्टँडवरच्या दोन घोषणा समोरासमोर ठेवल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरबाईंनी त्याचं कारण सांगितलं, आणि शिक्षिका म्हणून शोभल्या असत्या इतकं सोपं करून सांगितलं. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. जगातल्या बहुतेक भाषांत जवळजवळ तेवढाच. पण एक साधं उत्तर मनात तयार करून तोंडावर आणायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. मग आपण वेळेवर बोलतो कसे? तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच ते कुठे संपणार हे आपण ताडतो आणि उत्तर जुळवायला लागतो. म्हणजे संभाषण म्हणजे ऐकणं कमी आणि ओळखणं जास्त. माणूस जितका जवळचा, तितकी मधली फट लहान.

त्यांचं नवं यंत्र ही फट शिकणारं होतं. आवाज आमच्या जुन्या टेपांतून मिळणार होता. आवाज कुठे चढतो, श्वास कुठे अडकतो, कोण कुणाला कुठे तोडतं, हे मात्र दोन माणसं जिवंत बोलत असतानाच मिळतं. त्यासाठी आम्ही दोघींनी एका खोलीत बसून चाळीस तास बोलायचं. विषय कुठलाही, भाषा कुठलीही, कारण यंत्र शब्द जागच्या जागी पुसून टाकतं आणि फक्त ताल ठेवतं. हे झालं की तीनशे सत्त्याहत्तर भाग यंत्र पंधरा दिवसांत करणार होतं.

महावीरशेठ माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. चाळीस तास बोला म्हणे. आमचा अबोला अकरा वर्षांचा.

शेवटी विश्रामबागेत तिच्या घरी मीच गेले. दार उघडून तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली की शिओला समुद्र दाखवायचाय, म्हणून येईन. बाकीचं काही काढायचं नाही. मी मान डोलावली. तेवढं एक सोडून काहीही बोलेन, असं मनाशी घोकत घरी आले.

पहिल्या दिवशी आम्ही काय बोललो असू? तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं. दोघींच्या घरांत दोन किलोमीटरचं अंतर. ती मला 'अहो' म्हणाली. डॉक्टरबाईंनी संध्याकाळी आकडा सांगितला, नऊ दशांश सेकंद. सरकारी कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीवर एवढी फट असते म्हणाल्या, आणि त्या विनोद करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी शेठनी भडंग ठेवलं. मृदुलाने एक घास घेतला आणि म्हणाली, सादळलंय. मी म्हटलं, तुला सगळंच सादळलेलं लागतं, स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातलं थालीपीठही सादळलं म्हणायचीस आणि अख्खं संपवायचीस. ती म्हणाली, संपवायची कारण तू नवऱ्याच्या नावाने रडत बसायचीस आणि डबा तसाच राहायचा. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आमच्या वेळच्या मुख्याध्यापिका निघाल्या, त्यांचा घोगरा आवाज मृदुलाने काढला आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसले. तिच्या सुनेचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं, कोण गेलं, कोण अमेरिकेत गेलं. डॉक्टरबाई काचेपलीकडून अंगठा दाखवत होत्या. फट एक दशांशावर आली होती, कधी कधी त्याच्याही खाली, म्हणजे एकीचं संपायच्या आधीच दुसरी सुरू. आमचे हे म्हणाले, आठवडाभरात तू घरात गाणं म्हणायला लागलीस, डॉक्टरांना दाखवू का?

मी खूश होते. मला वाटलं, झालं, मिटलं, बोलायची गरजच पडली नाही.

चौतिसाव्या तासाला डॉक्टरबाईंनी आम्हाला आलेख दाखवला. सगळीकडे बुटक्या रेघा, आणि मध्येच तीन ठिकाणी ताडमाड. दीड सेकंदाच्या वर. तिन्ही वेळा मी बोलले होते आणि मृदुला अडकली होती. शब्द पुसलेले, पण वेळ नोंदलेली होती. मंगळवारी अकरा वीसला काय बोलत होतात, असं त्यांनी साळसूदपणे विचारलं. मला आठवलं. मी सातशेव्या भागातलं माझं रडणं कसं जमलं ते सांगत होते. बुधवारीही माझ्याच कामाचं. गुरुवारीही.

म्हणजे हसून खेळून ही बाई आत सगळं तसंच घेऊन बसली होती. मला शरम वाटायला हवी होती. आली ती चीड. मी म्हटलं, "अकरा वर्षं झाली, मृदुला. आणि तेव्हा मी खोटं काय बोलले होते?"

तिने हेडफोन खुंटीला लावला, पर्स उचलली आणि गेली. सहा तास शिल्लक होते आणि एप्रिल संपायला पाच दिवस.

 महावीरशेठ पोत्यावर बसून राहिले, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं. डॉक्टरबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, बाई, तुम्हाला एक दाखवायचं होतं, दोघींना मिळूनच दाखवणार होते.

डबिंगमध्ये पात्राचे ओठ दिसत असतील तर वेळ आपल्या हातात नसते. ओठ उघडले की बोलायचं, मिटले की थांबायचं. पण पात्र पाठमोरं असलं की मोकळीक. केव्हा सुरू करायचं, कुठे रेंगाळायचं, सगळं आपलं. आम्हा लोकांना हे पाठमोरे संवाद फार आवडतात. डॉक्टरबाईंनी अकरा वर्षांतले असे दोघींचे साडेचार हजार संवाद वेगळे काढले होते. या सगळ्यांत मृदुलाने आधी रेकॉर्ड केलं होतं. तिच्या कानात माझा आवाज नव्हता, कुणाचाच नव्हता. ती रिकाम्या हेडफोनमध्ये एक वाक्य बोलायची, थांबायची, पुढचं बोलायची. आणि ती थांबायची ती बरोबर तेवढंच, जेवढं मला लागणार होतं. मी दम खाऊन बोलणार असेन तर दम खाण्यापुरतं जास्त. मी तोडणार असेन तर तोडण्याजोगं कमी.

यंत्राने दुसरी बाजूही मोजली होती. मी कुठे आवाज चढवायचा, कुठे उतरवायचा, हे जवळजवळ प्रत्येक वेळी तिच्या आधीच्या वाक्याने ठरवलेलं होतं. सातशेव्या भागातलं ते रडणंसुद्धा. डॉक्टरबाईंनी तिचा आवाज काढून माझा एकटीचा ऐकवला. मी बावीस वर्षांत स्वतःला एवढं नीट कधी ऐकलं नव्हतं. मी ते बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी तिच्या गच्चीवर होते. ती प्लास्टिकवर सांडगे घालत होती. मी काही न विचारता समोर बसले, हात ओला केला आणि घालायला लागले. माझे वेडेवाकडे पडत होते, ती ते सारखे करत होती. मी मनात भाषण जुळवून आणलं होतं. ते सगळं विसरले.

"वाचत तू नव्हतीस," मी म्हटलं. "मी वाचत होते. अकरा वर्षं तुझ्या आवाजावरून वाचत होते. आणि तेव्हा जे बोलले ते जळून बोलले. चाहत्यांची पत्रं शिओला यायची, मला यायची नाहीत."

 फट मोजायला तिथे यंत्र नव्हतं हे बरं झालं. तिने एक अख्खी ओळ घालून संपवली.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "तुला कळायला मात्र पुण्याहून यंत्र आणावं लागलं."

मग ती बोलत राहिली आणि मी पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही. पहिलं वर्ष नुसता राग होता, म्हणून पहिला नंबर मागितला, तिला माझा आवाज कानात नको होता. पण कानात कुणी नसलं की बोलताच येईना. मग ती मी काय म्हणेन ते मनातल्या मनात ऐकायला लागली, आणि ते नेहमी बरोबर निघायचं. ती म्हणाली, तुझ्याशी मी अकरा वर्षं रोज बोलत होते, फक्त तुला सांगितलं नव्हतं. हे ऐकून मी रडले. हात पिठाचे होते, डोळे पुसताही येईनात. तिने तिच्या पदराने पुसले आणि म्हणाली, सांडगे खारट होतील, मागे सर.

उरलेले सहा तास ती द्यायला तयार होती, पण एक अट होती. शेवटचा भाग यंत्राने करायचा नाही, आपण करायचा. आणि त्यात आधी तिने नाही, मी जायचं, रिकामा हेडफोन लावून.

पुढचं झपाझप झालं. एप्रिल संपायच्या आत चाळीस तास भरले. यंत्राने अकरा दिवसांत तीनशे शहात्तर भाग केले. मी काही ऐकले. मी कधीच न हसलेलं हसू त्यात होतं आणि ते माझंच होतं. जरा चमत्कारिक वाटलं, पण मग शिओने त्याला वाक्याच्या मध्येच तोडलं आणि मला आमची स्टाफरूम आठवून हसायला आलं. चाहत्यांचा तक्ता २०५५ वरून एकदम या महिन्यावर आला. नैरोबीच्या एका बाईंनी लिहिलं, ही दोघं आता खरंच एका खोलीत आहेत. शेठनी ते कागदावर छापून भिंतीला डकवलं.

मग शेवटचा भाग. हिबिकी आणि शिओ दीपगृहाच्या सज्जात उभे आहेत, आपल्याकडे पाठ करून. समोर समुद्र. चार मिनिटं दोघं बोलतात आणि कुणाचेच ओठ दिसत नाहीत.

मी आत बसले. हेडफोनमध्ये काही नाही. असं काही नसणं मी अकरा वर्षांत अनुभवलंच नव्हतं. पहिलं वाक्य बोलले आणि पुढे काय करावं कळेना. काचेपलीकडे मृदुला पाठ करून उभी होती, मुद्दाम. मी घाबरले, आणि चार वेळा चुकले. पाचव्या वेळी डोळे मिटले आणि तिला बोलू दिलं. ती लगेच नाही बोलत. आधी नाकाने श्वास घेते, मग सुरुवातीचा शब्द जरा ओढते, आणि शेवट झटकन तोडते. ते तुटलं तिथे मी पुढचं वाक्य बोलले. असं शेवटपर्यंत केलं. बाहेर येऊन आधी पोत्यावर टेकले. तिने अकरा वर्षं हे रोज केलं होतं, आणि मग घरी जाऊन स्वयंपाक.

दुसऱ्या दिवशी तिने तिचं रेकॉर्ड केलं. कानात माझा आवाज घेऊन, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग दोन्ही जोडून आम्ही चौघं ऐकायला बसलो. बसत गेलं, सगळं बसत गेलं. डॉक्टरबाई आकडे बघायचं विसरल्या. आणि अगदी शेवटी, जिथे पहिली लाट येऊन दीपगृहाच्या चाकाला लागते, तिथे घोटाळा झाला. मी हिबिकीचं वाक्य अजून बोलत होते आणि शिओ मध्येच घुसली. दोघं एकदम बोलले आणि दोघांचंही धड कळेना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, चार दशांश सेकंदांचा प्रश्न आहे, एका मिनिटात सरकवून देते. मी मृदुलाकडे बघितलं. माझा आवाज तिच्या कानात होता. मी कुठे संपणार हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ती चुकली नव्हती.

"राहू द्या ते," मृदुला म्हणाली. "समुद्र दिसल्यावर कोण कुणाचं वाक्य संपायची वाट बघतं?"

शेठनी भाग तसाच पाठवून दिला.